कडी आतून लागते का?

आमच्या वैद्यबाई कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की आधी संडास बघायच्या. देवघर नंतर. घरातली सून पाण्याचा पेला घेऊन उभी, सासू "बसा ना, बसा" करत दिवाणावरची चादर नीट करतेय, आणि बाई पदर खोचून थेट मागच्या दारी. तिथलं दार उघडायचं, लावायचं, पुन्हा उघडायचं. मग हात धुऊन बाहेर यायचं आणि एकच विचारायचं, "कडी आतून लागते का?"

लागत असेल तर बाई चहा घ्यायच्या. लागत नसेल तर नाही. त्यांच्या भाचीसाठी आलेलं एक चांगलं स्थळ या कडीपायी गेलं. मुलगा इंजिनिअर, काटोलकडे संत्र्याची बाग, घरात गाडी. बाईंनी परतताना रिक्षातच निकाल दिला, "पोट्टा चांगला आहे. पण दाराले सुतळी बांधून आहे. त्या घरात आपली पोरगी सुकून जाईन." सगळे हसले. मीही हसायला तोंड उघडलं होतं, पण मला त्या प्रश्नाचं मूळ माहीत होतं, म्हणून मिटलं.

नागपूरच्या महाल भागात, एका बोळाच्या तोंडाशी दोन खोल्यांचा त्यांचा दवाखाना. पुढच्या खोलीत बाक, मागच्या खोलीत बरण्या. वडील कुहीकडे गावोगाव फिरणारे वैद्य. त्यांच्या मागे मागे फिरून बाई शिकल्या, मग रीतसर परीक्षाही दिली. लग्न केलं नाही. "काहून नाही केलं?" असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "टाइमच नाही भेटला. लोकायचे पोट साफ करून राहिली होती."

आणि खरंच, बाई सर्दी-खोकलाही बघायच्या, पण त्यांचं नाव झालं ते पोटासाठी. लोक एकमेकांना "बरं आहे ना?" विचारतात, तसं बाई "झाली का?" विचारायच्या. कुठेही. भाजीच्या ठेल्यावर, बँकेच्या रांगेत. एका लग्नात तर त्यांनी अक्षता टाकून झाल्यावर स्टेजवर जाऊन नवरदेवाला विचारलं, "झाली का?" त्याला वाटलं, ओळख झाली का असं विचारतायत. तो सासऱ्याकडे बघून मोठ्यानं म्हणाला, "हो, काल रात्रीच झाली, खूप छान वाटलं." बाई प्रसन्न होऊन उतरल्या. मी त्या वेळी बुफेच्या रांगेत अशी उभी होते की जणू या बाईला जन्मात पाहिलेलं नाही.

परवा माझी नात मोबाईलवरून पोट साफ करायची पावडर मागवत होती. स्ट्रॉबेरीच्या चवीची. दहा मिनिटांत दारात हजर. मी म्हटलं, "अगं, आधी कोठा कोणता ते तरी बघितलंस का?" ती म्हणाली, "कोठा? आजी, वन बीएचके आहे माझा." मी इतकी हसले की चष्मा काढावा लागला. तेव्हाच ठरवलं, बाईंवर लिहायचं.

तर कोठा म्हणजे पोट. बाईंच्या शास्त्रात माणसांच्या जाती तीनच. मृदू कोठा, मध्यम कोठा, क्रूर कोठा. मृदूवाल्याला कोमट दूध आणि चार मनुका पुरतात. मध्यमवाल्याला जरा सांगावं लागतं. क्रूरवाला कशालाच दाद देत नाही. बाईंना माणसाचं आडनाव आठवत नसे, पण कोठा आठवायचा. "तो नाही का, टेकडीजवळचा, उंच, मृदू?" असं त्या म्हणायच्या, आणि आम्हाला कळायचंही.

औषधांबद्दल त्या घरातल्या माणसांसारखं बोलायच्या. मनुका म्हणजे आत्या, गोड बोलून काम करून घेते. बहाव्याचा गर म्हणजे मामा, लेकराबाळांनाही चालतो. एरंडेल म्हणजे आजा. नाक दाबून का होईना, ऐकावंच लागतं. त्रिफळा म्हणजे घरची आई, रोज थोडं थोडं करत राहते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. आणि सोनामुखी? "ते जाऊबाई. कामाले चोख. पण पोटात मुरडा घातल्याबिगर राहत नाही. म्हणून तिच्यासंगं सुंठीले पाठवा लागते." जमालगोटा मात्र वरच्या फळीवर, कुलपाच्या डब्यात. "हा आपल्या नात्यातला नाही. हा दरोडेखोर आहे."

प्रत्येकाला पुडी द्यायच्या ती गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पानात बांधून, आणि वर रोग्याचा कोठा लिहून: मृ, म, किंवा क्रू.

माझ्या पहिल्या पुडीवर होतं, क्रू.

आता मी तेव्हाची कशी होते ते सांगायला हवं. तेवीस वर्षांची, बी.ए., टायपिंगच्या दोन परीक्षा पास, आणि स्वतःला नागपुरातली सगळ्यांत सुसंस्कृत मुलगी समजणारी. माझ्या पर्समध्ये इस्त्री केलेला रुमाल असायचा आणि मी "संडास" हा शब्द उच्चारायची नाही. "तिकडे" म्हणायची. आमच्या भाषेत सांगायचं तर भैताड, म्हणजे बावळट. तर या भैताडानं ती पुडी बघितली आणि गाल फुगवून बाईंना म्हणाली, "मी क्रूर नाहीये. मी मांजरीलासुद्धा 'शुक' म्हणत नाही."

बाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मांजरीले जाऊ दे वं. तुले किती दिस झाले?"

"चार," मी म्हटलं. खरे सहा होते.

"म्हणजे सहा," बाई म्हणाल्या, आणि पुडीत अजून अर्धा चमचा घातला.

मी नोकरीला होते रामदासपेठेत, एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर. संत्री बाहेरगावी पाठवणाऱ्या कंपनीचं ऑफिस. पंधरा पुरुष आणि आम्ही दोघी. मी टाइपरायटरवर आणि सुमन टेलिफोनवर. दोघीही टेम्पररी, दोघींचेही डोळे पर्मनंटच्या चिठ्ठीकडे लागलेले.

पुरुषमंडळी खाली कंपाउंडच्या भिंतीकडे, जांभळाच्या झाडामागे जायची. वर एक चांगला संडास होता, साहेबांच्या केबिनला लागून. त्याला बाहेरून कुलूप. किल्ली साहेबांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. कुणी नाही म्हणालं नव्हतं हं, ते सांगायला हवं. साहेब वाईट नव्हता. "लेडीजला लागली तर मागावी," असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. फक्त मागायची कशी? केबिनमध्ये जायचं, तो फोनवर, समोर काटोलचे दोन व्यापारी बसलेले. "सर, किल्ली." मग तो फोनवर हात ठेवणार, ड्रॉवर ओढणार. त्या ड्रॉवरची कुरकुर पार हॉलच्या टोकाला ऐकू यायची. पंधरा माना वर व्हायच्या. मी दोन वर्षांत एकदा मागितली. सुमननं एकदाही नाही.

मग काय करायचो? पाणी प्यायचं नाही. अगदीच जीवावर बेतलं तर समोरच्या मोठ्या दवाखान्यात जायचं, कुणाचे तरी नातेवाईक बनून. हातात दोन मोसंबी घ्यायची, चेहरा काळजीचा करायचा, आणि पहिल्या मजल्यावरच्या कोपऱ्यात. तीच दोन मोसंबी आठवडाभर चालायची. शेवटी ती इतकी वाळली की खऱ्या रोग्यानंही घेतली नसती. पण तिथेही भेटीची वेळ चार ते सहा. वॉचमन कडक.

म्हणून पोटं बिघडली. सकाळी घरी सात माणसांची रांग, मग बस, मग दहा ते सहा धरून ठेवायचं. धरून ठेवता ठेवता पोटालाही सवय लागते. ते म्हणतं, ठीक आहे, मग मीही नाही. बाईंच्या पुड्या मी फक्त शनिवारी संध्याकाळी घ्यायची, कारण रविवार आपला. आठवड्यात घेऊन जाणार कुठे? दर आठवड्याच्या सात पुड्यांतली एक पोटात जायची, सहा टाइपरायटरखालच्या खणात. बाईंना मी सांगायची, "रोज घेते." बाई डोकं खाजवायच्या. "रोज घेते अन् फरक नाही? मंग तुही जाऊबाई भारी करा लागते." असं करत करत त्यांनी मला सोनामुखीच्या चांगल्या जड पुड्यांवर नेऊन बसवलं.

सहा महिने रोगी राहिल्यावर मला वाटायला लागलं की मी अर्धी वैद्य झाले. मी लोकांच्या जिभा बघायला लागले. वडिलांना सांगितलं, तुमचा कोठा मध्यम. ते म्हणाले, तू गप बस.

आणि एका गुरुवारी संध्याकाळी सुमन टेलिफोनच्या खुर्चीत वाकून बसली होती. मी विचारलं, तर म्हणाली, "पाच दिवस झाले ताई. जेवणच जात नाही. मळमळतं."

मी खण उघडला. मोठ्या डॉक्टरच्या थाटात एक पुडी काढली. "ही घे. रात्री जेवल्यावर, कोमट पाण्यासोबत."

"कशाची आहे?"

"अगं, पानंच तर आहेत. झाडाची. झाडाचं काही बाधतं का?"

हे वाक्य मी आजही कधी कधी माझ्याच आवाजात ऐकते, आणि त्या आवाजाला एक चापट मारावीशी वाटते.

शुक्रवारी सकाळी अकराला सुमन उठून माझ्या टेबलापाशी आली. कपाळावर घाम. "ताई, किल्ली," एवढंच म्हणाली. मी या वेळी खरंच उठले. केबिनपाशी गेले तर केबिन रिकामी. चपराशी काका स्टुलावर बसले होते.

"काका, किल्ली द्या."

"किल्ली ड्रॉवरमधे आहे."

"मग काढा ना."

"ड्रॉवरले कुलूप आहे."

"त्याची किल्ली?"

"साहेबाच्या खिशात."

"आणि साहेब?"

"काटोलले गेले. संत्र्याच्या बोलीले. सांजपोत येतीन."

समोरच्या दवाखान्याच्या वॉचमननं हातानंच सांगितलं, चारनंतर. सुमन फाटकाला धरून उभी. नागपुरात त्या वेळी माझ्या ओळखीचा, आतून कडी लागणारा, कुणी काही विचारणार नाही असा संडास एकच होता. मी सायकलरिक्षा थांबवली आणि ओरडले, "महाल! लवकर!" रामदासपेठ ते महाल तो रस्ता मी नंतर हजारदा गेले असेन. इतका लांब तो पुन्हा कधीच नव्हता. सुमन माझ्या दंडात नखं रुतवून बसली होती आणि एकदाही म्हणाली नाही की तुझ्या पुडीनं झालं.

बाईंनी आम्हाला दारात बघितलं. काही विचारलं नाही. बोटानं मागचं दार दाखवलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

सुमन बाहेर आली ती पांढरी पडून. पोटात कळा थांबत नव्हत्या. बाईंनी तिला बाकावर आडवं केलं, मनगट धरलं. बराच वेळ धरून बसल्या. मग खाली वाकून हळू विचारलं, "कितवा महिना?"

मला आधी कळलंच नाही काय विचारतायत. सुमननं डोळे मिटले. "तिसरा," ती म्हणाली. "कुणाला सांगितलं नाही. पर्मनंट व्हायचं होतं."

बाईंचा हात मनगटावरच होता. "काय घेतलं पोरी? खरं सांग. त्यावर सारं आहे."

सुमनला नाव माहीत नव्हतं, पण "ताईनं दिली" एवढं तर म्हणता आलं असतं. तेही म्हणाली नाही. मी भिंतीशी उभी होते, आणि तुम्हाला सांगते, त्या क्षणी माझ्या सुसंस्कृत डोक्यात काय आलं? आलं की मी सांगितलं तर बाईंना कळेल मी रोज घेत नव्हते. बाळाचं नाही आलं. सुमनचं नाही. माझ्या खोटेपणाचं आलं. एक श्वासभर मी गप्प राहिले. तो एक श्वास मी अजून कुणाला माफ करू दिलेला नाही.

मग म्हटलं, "माझी पुडी. क्रू."

"जुनी का नवी?"

"नव्या जड पुड्यांतली. एक पूर्ण."

बाई उठल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. कागदावर दोन ओळी लिहिल्या, काय घेतलं, किती, कधी, आणि सुमनला त्याच रिक्षात घालून स्वतः सोबत बसल्या. सूतिकागृहातल्या डॉक्टरीणबाईंकडे. "गर्भारणीले रेचक देत नसते," रिक्षा हलताना त्या म्हणाल्या, मला नाही, हवेला. "मनुका दिल्या असत्या वं. चार मनुका."

डॉक्टरीणबाईंनी सुमनला ठेवून घेतलं. सलाईन लावलं. म्हणाल्या, दोन दिवस बघू, मग सांगता येईल.

शनिवारी मी ऑफिसला गेले नाही. बाईंच्या दवाखान्यात जाऊन बाकावर बसले. घरी बसवत नव्हतं आणि सुमनच्या सासूसमोर जायचं धैर्य नव्हतं. मला वाटलं होतं बाई झापतील. त्यांनी माझ्यापुढे सूप ठेवलं. त्यात सोनामुखीचा ढीग.

"निवड. काड्या अलग, पानं अलग."

मी निवडू लागले. रोगी येत होते, जात होते. मग बाई बरणी पुसता पुसता बोटं मोजायला लागल्या. "शास्त्रात तेरा वेग लिहून आहेत. वेग म्हणजे जे आलं की येऊ द्यायचं, धरून ठेवायचं नाही. मोठी. लहान. वारा. शिंक. जांभई. ढेकर. भूक. तहान. झोप. ओकारी." अकरावा त्यांनी माझ्याकडे, लग्न न झालेल्या पोरीकडे, बघून गाळला. "धावल्यावरचा दम. अन् शेवटचा कोणता, माहीत आहे?"

मी मानेनंच नाही म्हटलं.

"आसू. ते बी तेरात येते. मी नाही बनवलं, पुस्तकात लिहून आहे."

"मला नाही येत रडू," मी म्हटलं.

"येत नाही का धरून ठेवलं?"

आणि मग जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. टाइपिंगच्या दोन परीक्षा पास झालेली ती मुलगी सुपावर वाकून अशी रडली की बाकावरचा एक मध्यम कोठा उठून बाहेर जाऊन उभा राहिला. बाईंनी हळूच सूप माझ्याखालून ओढून घेतलं. "रड. पण पानं ओली करू नोको. बुरशी लागते."

रडून झाल्यावर मी सगळं सांगितलं. खणातल्या पुड्या, शनिवार-रविवार, जांभळाचं झाड, मोसंबी, ड्रॉवरची कुरकुर. बाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांचे हात थांबले.

"म्हणजे तुहा कोठा क्रूर नाहीच," त्या म्हणाल्या. "तुह्या हापिसचा आहे. अन् मी सहा महिने औषध तुले देऊन राहिली होती. चुकीच्या रोग्याले."

त्या चुकीनं त्यांना जेवढं लागलं, तेवढं माझं खोटंही लागलं नाही. रविवारी संध्याकाळी डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. कळा थांबल्या, बाळ ठीक, महिनाभर झोपून राहायचं. बाईंनी मान हलवली, देवाला हात जोडले, आणि मला विचारलं, "उद्या तुहा साहेब असते ना वं हापिसात?"

सोमवारी साडेदहाला त्या आल्या. काळी छत्री, कापडी पिशवी. चपराशी काका उठले. "कोण पाह्यजे बाई?"

"संडास पाह्यजे."

पंधरा माना वर. साहेब केबिनच्या दारात आला, वयस्क बाई बघून नम्र झाला, आणि स्वतः ड्रॉवर ओढून किल्ली दिली. जी किल्ली मागायला आमची दोन वर्षं जीभ उचलली नाही, ती बाईंना दोन शब्दांत मिळाली. बाईंनी कुलूप काढलं, आत गेल्या, दार लावून-उघडून बघितलं, बाहेर आल्या, कुलूप लावलं. मग किल्ली पिशवीत टाकली, माझ्या टेबलाजवळून जाताना माझ्याकडे बघितलंही नाही, आणि जिना उतरून चालत्या झाल्या.

साहेबाच्या बारा वाजता लक्षात आलं. तोवर दोन चहा झाले होते. एक वाजता डबा. दीडला तो केबिनमध्ये उभा राहून फोनवर बोलू लागला. अडीचला नुसताच उभा. जांभळाच्या झाडामागे साहेबानं जायचं कसं, खाली ड्रायव्हर बसलेले. कुलूप फोडायचं तर काकांना सांगावं लागणार, काहून फोडायचं ते. मी टाइप करत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या एका पानात एकही चूक झाली नाही.

ही महालातली पोटाची वैद्यबाई, एवढं काकांना माहीत होतं; तीनला साहेबानं त्यांनाच तिकडे पाठवलं. काका अर्ध्या तासात परत. "बाई म्हणते, रोग्याले पाह्यल्याबिगर पुडी भेटत नाही."

साहेब स्कूटर घेऊन स्वतः गेला. तिथं काय झालं ते मला बाईंनी कधी सांगितलं नाही; काका मागे सायकलवर गेले होते, त्यांनी सांगितलं. बाईंनी म्हणे त्याला आधी बाकावर बसवलं, सगळ्या रोग्यांसमोर.

"केव्हापासून धरून आहे?"

"सकाळपासून."

"सहा घंटे," बाई म्हणाल्या. "तुह्याकडच्या पोट्ट्या दोन सालापासून धरून आहेत बाबू. त्यातली एक आज सूतिकागृहात आहे." मग बोटानं मागचं दार दाखवलं. "जा. कडी आतून लागते."

साडेचारला साहेब परत आला तो हातात पुडी घेऊन. कॅलेंडरच्या पानात बांधलेली. त्यानं ती काकांच्या हातात दिली आणि केबिनचं दार लावून घेतलं. काकांनी सगळ्यांसमोर सोडली. आत किल्ली आणि एक मोठा खिळा. वर लिहिलेलं: क्रू. खाली, नेहमीच्या वळणदार अक्षरात, मात्रा: लागेल तेव्हा. अनुपान: कोणाले न विचारता.

अनुपान म्हणजे औषध कशासोबत घ्यायचं ते. मध, कोमट पाणी, तूप. हे अनुपान मी पहिल्यांदाच वाचत होते.

दुसऱ्या दिवशी खिळा पाण्याच्या माठाशेजारच्या भिंतीत ठोकलेला होता, किल्ली त्यावर लटकलेली. साहेब माझ्याशी दीड महिना बोलला नाही आणि माझी पर्मनंटची चिठ्ठी सहा महिने उशिरा आली. सुमनची माझ्याही नंतर, मुलगी चार महिन्यांची झाल्यावर. मी तिला एकदा विचारलं, माझ्या पुडीनं झालं असं रिक्षात का नाही म्हणालीस? ती म्हणाली, "ताई, तेव्हा बोलायला तोंड उघडलं असतं ना, तर सगळंच सुटलं असतं." आम्ही दोघी माठापाशी उभ्या राहून पोट धरून हसलो. हसतानाही आता भीती नव्हती, किल्ली समोरच होती.

बाईंकडे मी नंतरही जात राहिले. लग्न झालं, मुलं झाली, नातवंडं झाली. पोटासाठी जायची गरज उरली नव्हती. त्रिफळा, पाणी आणि कडी, एवढ्यावर भागत होतं. त्या मात्र दर वेळी विचारायच्या, "झाली का?" आणि मी दर वेळी खरं सांगायची. पुढे हात थरथरू लागले तेव्हा त्यांनी वरच्या फळीवरचा कुलपाचा डबा माझ्यादेखत उघडून जमालगोटा जमिनीत पुरला. "मी गेल्यावर कोणी शहाणी पोट्टी उघडीन," म्हणाल्या. माझ्याकडे बघून नाही. पण कळलं.

चारेक वर्षांपूर्वी बाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. भाचीचा फोन आला. दवाखाना तोच, रामदासपेठेतला, आमच्या मोसंबीवाला. आता आठ मजली झालाय. मी दुपारी गेले. आठ खाटांचा वॉर्ड. बाई इतक्या लहान झाल्या होत्या की उशीच मोठी दिसत होती. नर्स वैतागलेली. "आजी चार दिवसांपासून जात नाहीत. सिरप देते तर तोंड फिरवतात. आज एनिमा द्यायला सांगितलंय."

मी खाली वाकले. "बाई, सिरप का घेत नाही?"

"घेऊन जाणार कुठी?" त्या पुटपुटल्या. डोळ्यांनी पडद्याकडे दाखवलं. खाटेभोवतीचा हिरवा पडदा. दोन कड्या तुटलेल्या, अर्ध्यातच अडकायचा. पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटला भेटायला तीन पुरुष आलेले. "अर्धाच लागते वं."

ज्या बाईनं अख्ख्या नागपूरला विचारलं होतं, झाली का, ती चार दिवस धरून होती. लाजेनं.

मी नर्सला म्हटलं, एनिमा राहू द्या, भांडं द्या, आणि अर्धा तास इकडे येऊ नका. बाईंना नीट बसवलं. अडकलेला पडदा जिथपर्यंत आला तिथपर्यंत ओढला, उरलेल्या जागेत मी स्वतः उभी राहिले, पाठ करून, पदर दोन्ही हातांनी पसरून. सत्तरीकडे झुकलेली बाई वॉर्डात पदर पसरून उभी, हे दृश्य बघून त्या तीन पुरुषांतला एक खिशात हात घालू लागला. त्याला वाटलं, मी मदत मागतेय.

"बाई," मी मागे न बघता म्हटलं, "कडी लागली."

"आतून?"

"आतून."

मग मी त्या पुरुषांशी मोठ्यानं बोलू लागले. कुठले, काटोलचे का, यंदा संत्र्याला भाव काय, आंबिया बहार की मृग. बिचारे उत्तरं देत होते. मागे शांत होतं. हात दुखायला लागले, पण खाली घेतले नाहीत. आणि बोलता बोलता माझ्या तोंडून शब्द येईनात. कुठून तरी ते सूप आठवलं, ती काडी-पानं, आणि नाक वाहू लागलं, आणि दोन्ही हात पदरात अडकलेले, पुसू कशानं?

"रडून राहिली का वं?" पडद्याआतून आवाज आला.

"नाही."

"खोटं बोलू नोको. चालू दे," बाई म्हणाल्या. "मी बी बसूनच आहो."